आजारपणाचा खर्च कोणी सोसावा?

कारखान्याची पाळी सुटताना फाटकापाशी दोन माणसे डबा घेऊन उभी असलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. डब्यावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर खात्याचे नाव, आजारी कामगाराचे नाव आणि दुखण्याचे नाव लिहिलेले असते. येणारा-जाणारा पन्नास, शंभर, जमेल तसे टाकतो. तीस वर्षे युनियनचे काम करताना असे डबे मी किती वेळा फिरवले याची मोजदाद नाही. त्या डब्याबद्दल मला आदर आहे. महिन्याअखेरीस स्वतःच्या घरी चणचण असतानाही दुसऱ्याच्या दुखण्यासाठी शंभराची नोट काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

परंतु त्या डब्यांचा हिशेब ठेवता ठेवता मला एक गोष्ट उमगली. ज्याच्या ओळखी अधिक, त्याचा डबा अधिक भरतो. वीस वर्षे नोकरी झालेल्या, भजनी मंडळात टाळ वाजवणाऱ्या कामगारासाठी एका दिवसात चाळीस हजार जमतात. सात महिन्यांच्या कंत्राटावर जालन्याहून किंवा गोरखपूरहून आलेला पोरगा आजारी पडला, तर त्याचे नाव वाचून लोक विचारतात, "हा कोण?" दुखणे मात्र दोघांचे सारखेच असते. मोठ्या आजारपणाचा खर्च कोणी आणि कशाच्या आधारावर सोसावा, हा प्रश्न मला त्या डब्याने शिकवला. त्याचीच थोडी फोड येथे करावयाची आहे.

खर्चाची चार खाती

आजारपणाचा खर्च म्हणजे रुग्णालयाचे बिल, अशी आपली समजूत असते. परंतु घरातला हिशेब मांडून पाहिला तर त्याची चार खाती निघतात. पहिले खाते रुग्णालयाचे: खाट, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी. दुसरे खाते बाहेरचे: औषधे, तपासण्या, रिक्षा, नातेवाइकांचे चहापाणी व जेवण. तिसरे खाते बुडालेल्या रोजाचे. येथे एकाचा रोज बुडत नाही, दोघांचा बुडतो. कारण रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यालाही खाडे करावे लागतात. चौथे खाते व्याजाचे. पहिली तीन खाती भागवण्यासाठी पतपेढीतून, सोनाराकडून किंवा सावकाराकडून जे आणले, त्याचे व्याज रुग्ण बरा झाल्यावरही चार-पाच वर्षे चालू राहते.

पहिल्या खात्याच्या पावत्या मिळतात. तिसऱ्याची आणि चौथ्याची पावती कोणी देत नाही, म्हणून चर्चेत ती बहुधा येत नाहीत. आणि घर मोडते ते याच दोन खात्यांनी.

देशाचा हिशेबही पाहावा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली आपल्या देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांपैकी सुमारे ६४ रुपये लोक उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून देत होते. २०२१-२२ साली हा आकडा सुमारे ३९ वर आला. सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि ही सरासरी आहे. सरासरीत ज्याला वर्षभरात सर्दीखेरीज काही झाले नाही तोही येतो आणि ज्याच्या घरात कर्करोग शिरला तोही येतो. शिवाय बुडालेला रोज आणि व्याज या हिशेबात धरलेच जात नाहीत.

वर्गणीतून हक्क

दुखणे कोणाला केव्हा गाठील हे सांगता येत नाही. परंतु हजार माणसांत वर्षाला साधारण किती जणांना मोठे दुखणे येईल, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून हजारांनी आधीच थोडे थोडे बाजूला ठेवावे आणि ज्याच्यावर पाळी येईल त्याला त्यातून द्यावे. विमा म्हणतात तो एवढाच. फाटकावरचा डबा दुखणे आल्यावर फिरतो, विम्याचा डबा दुखण्याआधी फिरतो. आणि त्यातून मिळणारे पैसे ओळखीने मिळत नाहीत, हक्काने मिळतात.

जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला. आपल्याकडे दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, प्रा. भा. प. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिलाच आपण सर्वजण ईएसआय म्हणतो.

तिचा हिशेब सोपा आहे. २०१९ च्या जुलैपासून ठरलेल्या दराप्रमाणे कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. म्हणजे २०,००० रुपये पगार असेल तर कामगाराचे १५० आणि मालकाचे ६५०, मिळून ८०० रुपये दरमहा जमा होतात. त्याबदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. कामगार स्वतः आजारी पडला आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असल्या, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांत तो ८० टक्क्यांनी, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. मघाशी सांगितलेल्या तिसऱ्या खात्याचा विचार करणारी अशी दुसरी योजना आपल्याकडे जवळजवळ नाही. खासगी विमा साधारणपणे रुग्णालयाचे बिल देतो. घरी चूल कशी पेटते हे तो विचारत नाही.

मी केलेला करार

मग अडले कोठे? हे सांगताना मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

ईएसआयला पगाराची मर्यादा असते. १९५२ साली ती महिना ४०० रुपये होती. वाढत वाढत १ जानेवारी २०१७ पासून ती २१,००० रुपये झाली. या मर्यादेपेक्षा पगार वर गेला की वर्गणीची चालू सहामाही संपताच कामगार योजनेबाहेर पडतो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये चाकण भागातल्या एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. बोलणी अकरा महिने चालली होती. तेथला एक जुना कामगार २०,४०० वरून २२,९०० वर गेला. सही झाली त्या दिवशी फाटकावर गुलाल उधळला, पेढे वाटले. ईएसआयची कपात बंद होणार म्हणून हातात आणखी साडेतीनशे रुपये येणार, हेही मीच भाषणात सांगितले आणि त्यावर टाळ्या पडल्या. तेव्हा वर्गणीचा दर पावणेदोन टक्के होता. त्याच्याबरोबर काय जाणार आहे, हे मी सांगितले नाही. खरे म्हणजे मी त्याचा विचारच केला नव्हता.

३० सप्टेंबर २०१८ ला त्याची वर्गणी थांबली. आधी भरलेल्या वर्गणीच्या जोरावर उपचाराचा हक्क ३० जून २०१९ पर्यंत चालला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच्या पत्नीच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया, औषधांची सहा आवर्तने आणि त्यानंतर किरणोपचार, असे मिळून सव्वापाच लाख रुपये लागले. कारखान्याने काढलेला गटविमा एक लाखाचा होता. फाटकावरच्या डब्यात ४१,००० जमले. बाकीच्यासाठी पतपेढीचे कर्ज झाले, दागिने गेले आणि शेवटी गावाकडची वीस गुंठे जमीन गेली. बाई बऱ्या झाल्या, ही आनंदाची गोष्ट. मुलगी मात्र डिप्लोमाचे दुसरे वर्ष सोडून एका दुकानात कामाला लागली.

त्यावेळी आम्ही राज्य सरकारच्या योजनेचेही दार ठोठावले. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. परंतु तेव्हा ती आपल्या जिल्ह्यात मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांसाठी होती, आणि या कामगाराची शिधापत्रिका पांढरी. पगार वाढला म्हणून एक दार बंद झाले आणि शिधापत्रिकेचा रंग निराळा म्हणून दुसरे उघडले नाही. तो गरीब नव्हता, म्हणून त्याला मदत नव्हती. मदत नव्हती, म्हणून वर्षभरात तो गरीब झाला.

तो कामगार मला कधी टाकून बोलला नाही. पण त्यानंतरचा एकही करार मी हा हिशेब मांडल्याशिवाय केलेला नाही. आणि त्या प्रकरणातून माझे मत बनले ते हे की, आजारपणातले संरक्षण पगाराच्या कागदाला बांधलेले असेल तर ते नेमके नको तेव्हा तुटते. पगार वाढला तर तुटते. नोकरी गेली तर तुटते. आणि मोठ्या आजारात नोकरी जाण्याचाच संभव अधिक. १९४८ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. पगारमर्यादेची कल्पना मात्र तिच्यातही कायम आहे.

दुसरी वाट

या बाबतीत आपल्याकडे फार पूर्वी एक निराळा विचार मांडला गेला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे त्या समितीने मूलतत्त्व मानले होते. त्यासाठी प्रथम ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर चढत्या क्रमाने रुग्णालये, अशी तिची मांडणी होती. आडारकरांनी कामगाराचा विचार केला, भोर समितीने माणसाचा केला. आपण पहिली योजना बऱ्याच अंशी उभी केली, दुसरी अर्ध्यावर सोडली.

इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. ती सुरू करणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या ट्रेडेगार गावचे, मूळचे खाणकामगार. त्या गावात खाणकामगार पगारातून वर्गणी देऊन एक वैद्यकीय साहाय्य संस्था चालवीत आणि जवळजवळ सारे गाव तिचा लाभ घेई. फाटकावरच्या डब्याचीच ती सुधारलेली आवृत्ती होती. तीच कल्पना बेव्हन यांनी देशाला लावली. फरक एवढाच की, वर्गणीच्या जागी मुख्यतः कर आला आणि ओळखपत्राच्या जागी माणूस असणे पुरेसे ठरले.

हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. त्यांनी थायलंड पाहावे. त्या देशाने आधी तालुक्या-तालुक्यात सरकारी रुग्णालये बांधली, नव्या डॉक्टरांना काही वर्षे खेड्यांत सेवा सक्तीची केली आणि मग २००२ साली, ज्यांना कोणतेच संरक्षण नव्हते अशा सर्वांना करांच्या पैशातून उपचार देण्यास सुरुवात केली. रुग्णाने एका खेपेला तीस बाथ द्यावयाचे. आधी रुग्णालय, मग कार्ड, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपण कार्डाकडून निघालो आहोत. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. महाराष्ट्राने २०२३ साली फुले योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला; २०२४ च्या जुलैपासून तो अमलात आला. माझ्या त्या कामगाराचे दुखणे पाच वर्षे उशिरा आले असते तर त्याची पांढरी शिधापत्रिका आड आली नसती. हे पाऊल मोठे आहे, आणि युनियनवाल्याने सरकारचे चांगले ते चांगले म्हणावे.

परंतु या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्याच्या, यादीतल्या उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयांत आहेत. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यांत येत नाहीत. त्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद केलेला माणूस चार वर्षांनी मूत्रपिंड निकामी होऊन दाखल झाला, की मग त्याला कार्ड लागू पडते. गळके नळ बदलावयाचे नाहीत आणि घरात पाणी साचले की बादली द्यावयाची, असा हा प्रकार आहे. बुडालेला रोज तर कोणत्याच कार्डात नाही.

आक्षेप

सर्वांसाठी आरोग्यसेवा म्हटले की तीन आक्षेप येतात. तीनही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला, पैसा कोठून आणावयाचा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ साली, महामारीच्या काळातही, तो सुमारे १.८४ टक्के होता. पैसा आजही खर्च होतोच. तो आपणच करतो, पण एकेकटे, व्याजाने आणि सर्वात वाईट वेळी. तोच पैसा आधी आणि एकत्र गोळा करावा, एवढीच मागणी आहे. एकत्र येऊन वस्तू स्वस्त करता येते याचा दाखला या पिंपरीतच आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने, उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. १९६२ नंतर औद्योगिक वसाहत वाढली, मोटारी आल्या, स्कूटर आल्या. पण या गावाच्या उद्योगाचा आरंभीचा मोठा कारखाना औषधाचा होता, हे आपण विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की, फुकट मिळाले की लोक उगाच गर्दी करतील. थोडी करतीलही. परंतु हौसेने पोट फाडून घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. उलट, एक दिवसाचा रोज बुडेल म्हणून छातीतली कळ दाबून यंत्रावर उभे राहिलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो मला सर्वात वजनदार वाटतो. सरकारने ठरवलेले दर परवडत नाहीत, बिले वेळेवर मिळत नाहीत, असे ते म्हणतात. १९४८ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने नव्या सेवेविरुद्ध कौल दिला होता. राजस्थानात २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा झाला तेव्हा खासगी डॉक्टरांनी संप केला. संपाला नावे ठेवण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. डॉक्टरांचेही श्रम आहेत आणि श्रमाचा मोबदला वेळेवर मिळालाच पाहिजे. म्हणूनच सर्व भार खासगी रुग्णालयांवर टाकून केवळ कार्डे वाटणे पुरेसे नाही. सरकारी रुग्णालय सशक्त असले तरच खासगी रुग्णालयाशी दराची बोलणी बरोबरीने होतात. मागे संघटना नसलेला कामगार मालकापुढे जसा बोलतो, तसे मागे रुग्णालय नसलेले सरकार बोलते.

आपल्या दारापाशी

आपल्या पट्ट्याकडे पाहा. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय संत तुकारामनगरात आहे. शहराचे रुग्ण तेथे येतात, तसे खेड, मावळ, जुन्नरचेही येतात. ईएसआयचे रुग्णालय चिंचवडला मोहननगरात आहे. कारखाने मात्र चाकणच्याही पुढे सरकले. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने नाशिक रस्त्याची कोंडी ओलांडून चिंचवडला रांगेत उभे राहावयाचे म्हणजे त्या दिवसाचा रोज गेलाच. मग तो नाक्यावरच्या दवाखान्यात दोनशे रुपये देतो आणि ईएसआयची वर्गणी भरूनही खिशातूनच खर्च करतो. हक्क कागदावर असून भागत नाही, तो पाळी सुटल्यावर चालत जाता येईल इतक्या अंतरावर असावा लागतो.

तेव्हा मागावयाचे काय? मला चार गोष्टी दिसतात. पगारमर्यादा ओलांडली म्हणून कोणालाही ईएसआयबाहेर काढू नये. ज्याला राहावयाचे त्याला वर्गणी भरून राहू द्यावे. कारखान्यांच्या भागात, विशेषतः चाकणकडे, पाळीच्या वेळा पाहून चालणारे दवाखाने असावेत आणि रोजची औषधे तेथे मिळावीत. सरकारी योजनेत दाखल न होता घेतलेले उपचारही यावेत. आणि आजारपणात बुडणाऱ्या रोजाची काही भरपाई कंत्राटी, घरकाम करणाऱ्या व हातगाडीवाल्या माणसालाही मिळावी.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येकाने तीन कामे घरी गेल्यावर करावीत. आपल्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात असेल तर ती खरोखर आपल्या क्रमांकावर जमा होते की नाही, हे तपासावे. कपात होणे आणि भरणा होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. फुले योजनेचे कार्ड दुखणे येण्याआधी काढून ठेवावे. आणि हे ध्यानात असू द्यावे की, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात. तेथे गेल्यावर प्रथम समाजसेवकाची खोली विचारावी, नंतर पैसे भरण्याची खिडकी.

फाटकावर डबा फिरवण्याचे काम मी अजूनही करतो आणि करीत राहीन. मागच्याच महिन्यात एका कंत्राटी पोरासाठी फिरवला, तेव्हा त्यात ६,३०० रुपये जमले. देणाऱ्यांचा दोष नव्हता. त्याला कोणी ओळखत नव्हते. जो आजारी आहे त्याला ओळखण्याची गरज पडू नये, एवढ्यासाठी ही सारी खटपट आहे.